तिसरी सकाळ : लांब पल्ल्याचा ट्रेक निवडण्याचं एक प्रकरण

दादाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा, फोन आला तो बुटांबद्दल विचारायला. ट्रेक कुठला करायचा हे त्याच्या लेखी ठरलेलं होतं. पुढच्या जुलैत तो आणि वहिनी टूर द्यू मों ब्लां करणार होते. मों ब्लां पर्वताभोवतीची ही प्रदक्षिणा फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते, अंतर साधारण 170 किलोमीटर. सहल नेणाऱ्या एका कंपनीच्या माहितीपत्रकात त्यापुढे 'मध्यम' अशी श्रेणी छापली होती आणि दादाची सगळी भिस्त त्या एका शब्दावर होती.

"आपण काही अगदीच नवखे नाही," तो म्हणाला. "आठवड्याला चोवीस किलोमीटर पळतो मी."

बुटांचं राहू दे, आधी दोघं मला भेटा, असं मी त्याला सांगितलं. वर्षाकाठी चार-पाच जण असं विचारायला येतात आणि बहुतेकांशी तासाभराचं बोलणं पुरतं. या दोघांच्या बाबतीत मात्र सप्टेंबर ते मे असे आठ महिने गेले. त्यात माझा एक अंदाज बरोबर निघाला आणि एक चांगलाच चुकला.

दादा तेव्हा 54 वर्षांचा. आठवड्यातून तीन वेळा ट्रेडमिलवर आठ-आठ किलोमीटर, वजन आटोक्यात, विश्रांतीत नाडीचे ठोके 58. रक्तदाबाची एक गोळी चालू. वहिनी 51 वर्षांच्या. त्या शाळेत शिकवतात, म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास उभ्या. रोज सकाळी पाच किलोमीटर चालणं, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. आयुष्यात कधी पळालेल्या नाहीत. "भावजी, मी आपली यांच्या मागून हळूहळू येईन," त्या म्हणाल्या आणि दादाने मान डोलावली. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिलं काम म्हणजे डॉक्टर. दादाची गोळी बीटा ब्लॉकर गटातली निघाली. ही गोळी हृदयाचे ठोके दाबून ठेवते, त्यामुळे 58 या आकड्याचा निम्मा तोरा तिथेच उतरला. शिवाय मनगटावरचं घड्याळ 'सोपा वेग, मध्यम वेग' असं जे सांगतं ते ठोक्यांवरून, म्हणजे दादाच्या बाबतीत तेही निरुपयोगी. मग जुनाच उपाय धरला. चढावर चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जास्त. डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हणून सांगितलं.

आता तो 'मध्यम' शब्द. एका कंपनीचं मध्यम दुसऱ्या कंपनीचं कठीण असू शकतं, कारण ही श्रेणी प्रत्येक कंपनी आपापली ठरवते. स्विस अल्पाइन क्लबची टी-1 ते टी-6 ही मोजपट्टी त्यापेक्षा कितीतरी नेमकी आहे, पण ती वाटेबद्दल बोलते: पाय ठेवायला जागा कशी, घसरल्यास काय होईल, हात लावावे लागतील का. टी-2 ची वाट आठ किलोमीटरची असेल किंवा अठ्ठावीस किलोमीटरची, मोजपट्टीला त्याच्याशी देणंघेणं नाही. संध्याकाळी तुमच्या पोटऱ्यांचं काय होणार आणि उद्या सकाळी त्याच पोटऱ्या घेऊन पुन्हा उठायचं आहे, हे त्यात कुठेच नसतं.

म्हणून मी आकडे मांडले. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा दिला होता आणि तो आजही कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. मों ब्लांच्या फेरीत एकूण चढ सुमारे 10,000 मीटर. दहा दिवसांत करायची तर रोज 17 किलोमीटर आणि 1,000 मीटर चढ. नेस्मिथच्या हिशेबाने हे होतात पाच तास, तेही न थांबता, धापा न टाकता आणि फोटो न काढता. शिवाय ही प्रदक्षिणा आहे. सुरू केलं तिथेच परत यायचं, म्हणजे जितकं चढायचं तितकंच उतरायचं. दहा हजार मीटर उतार कुठल्याच माहितीपत्रकात ठळक अक्षरांत दिसत नाही.

आणि दादाच्या ट्रेडमिलला उतार नव्हता.

ही गोष्ट थोडी उलगडून सांगतो, कारण सगळं प्रकरण इथे अडतं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. दम लागतो, घाम येतो, हृदय धडधडतं. पळणाऱ्या माणसाला हे ओळखीचं असतं. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन रोखून धरतो, ब्रेकसारखा. या कामात दम फारसा लागत नाही, म्हणून त्या दिवशी काही जाणवत नाही. पण स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते ती याच कामात, आणि ठणका येतो एक ते तीन दिवसांनी. म्हणजे पहिल्या दिवशी उत्साहात घेतलेल्या उताराचं बिल तिसऱ्या सकाळी हातात पडतं. लांब चालीसाठीची तब्येत तुमच्या सगळ्यात चांगल्या दिवशी कळत नाही, तिसऱ्या सकाळी कळते, असं माझं मत या दोघांनी पक्कं केलं.

परीक्षा अशी ठरवली: ऑक्टोबरात सलग तीन दिवस, पाठीवर सहा किलोची सॅक. जवळ एक टेकडी होती, पायथ्यापासून माथा 150 मीटर. पहिल्या दिवशी ती तीनदा, दुसऱ्या दिवशी चारदा, तिसऱ्या दिवशी दोनदा चढायची-उतरायची आणि उरलेलं अंतर सपाटीवर पुरं करायचं. म्हणजे अनुक्रमे 16, 18 आणि 14 किलोमीटर, आणि 450, 600 आणि 300 मीटर चढ. मोठ्या थांब्यांचा वेळ वगळायचा. प्रत्येकाने आपल्या वेगाने चालायचं, एकमेकांसाठी थांबायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. जोडपी एकत्र चालली की जो थकतो तो बोलत नाही आणि जो थकत नाही त्याच्या ते लक्षात येत नाही.

पहिल्या दिवशी नेस्मिथचा हिशेब 3 तास 57 मिनिटं. दादा आला 4 तास 5 मिनिटांत, शिट्टी वाजवत. वहिनी 4 तास 45 मिनिटांत. दादाने घड्याळ माझ्यासमोर धरलं आणि काहीच बोलला नाही, बोलायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी हिशेब 4 तास 36 मिनिटं. दादाला लागले 5 तास 20 मिनिटं, वहिनींना साडेपाच तास.

तिसऱ्या सकाळी मी त्यांच्या इमारतीखाली उभा होतो. आधी वहिनी खाली आल्या, नेहमीसारख्या. मग जिन्यावरून आवाज यायला लागला: एक पाऊल, थांबणं, कठड्यावर हात सरकल्याचा खरखराट, दुसरं पाऊल. दादा तिन्ही मजले आडवा उतरत होता, खेकड्यासारखा, दोन्ही हातांनी कठडा धरून. शेवटच्या तीन पायऱ्या तर त्याने पाठमोरा होऊन घेतल्या. "झोप नीट नाही झाली," असं मला म्हणाला.

त्या दिवशीचा हिशेब 3 तास 18 मिनिटांचा. वहिनींना 3 तास 55 मिनिटं लागली, दादाला 4 तास 50 मिनिटं.

आकडे शेजारी ठेवले तर गंमत दिसते. वहिनी तिन्ही दिवस नेस्मिथच्या साधारण 1.2 पट वेळ घेतात, त्यात फरक जवळजवळ नाहीच. दादा पहिल्या दिवशी 1.03 पट, दुसऱ्या दिवशी 1.16, तिसऱ्या दिवशी 1.46. ही घसरण मों ब्लांवर नेऊन पाहा. पाच तासांचा टप्पा वहिनींना सहा तासांचा, वर दीड तास थांबे. दादाला तिसऱ्या दिवसाच्या हालतीत तोच टप्पा साडेसात तासांचा, थांबे धरून नऊ तास. आणि पुढे सात दिवस शिल्लक. 'मागून हळूहळू येणार' कोण होतं, ते तिघांनाही कळलं. वहिनी हसल्या नाहीत, याचं मला कौतुक वाटलं.

दादाने अर्थातच लगेच वाद घातला, आणि त्याचा मुद्दा बरोबर होता. उताराचा ठणका एकदा येऊन गेला की पुढच्या वेळी तोच उतार कमी दुखवतो. स्नायू ही शिकवण काही आठवडे धरून ठेवतात, व्यायामशास्त्रात हे नीट तपासलेलं आहे. म्हणून सहा आठवडे त्याने ट्रेडमिल आठवड्यातून एकदाच ठेवली आणि बाकी वेळ जिने आणि टेकडी, जोर उतरण्यावर. शनिवार-रविवार सलग दोन दिवस चालणं, दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्म्यावर. डिसेंबरात हीच परीक्षा पुन्हा घेतली तेव्हा त्याचा तिसरा दिवस 1.22 वर आला. दोघं शेजारी शेजारी परतले.

"आता तर मों ब्लां?"

इथे सल्ला देणाऱ्याची कसोटी लागते. आकडे सुधारले होते, माणूस मेहनत करत होता, नाही म्हणायला जीव होत नव्हता. पण 1.22 हा आकडा जास्तीत जास्त 600 मीटर चढाच्या तीन दिवसांतून आला होता. तिथे रोज हजार, दहा दिवस, त्यात अडीच हजार मीटरवरच्या खिंडी. मोसमात मुक्कामाच्या जागा कित्येक महिने आधी धराव्या लागतात, म्हणून एक दिवस हुकला की पुढची साखळी तुटते. खोऱ्यांतून बस मिळते, काही टप्पे गाळता येतात, हे खरं. खिंडीच्या अलीकडे गुडघा गेला तर मात्र बस नसते. दादाला मी म्हटलं, पुढच्याच्या पुढच्या वर्षी खुशाल जा. यंदा असा रस्ता घे ज्यात टप्पा छोटा करता येईल.

इतर पर्यायही चर्चेला आलेच. एव्हरेस्ट बेस कॅम्प दादाच्या डोक्यात बरीच वर्षं होता. तिथे प्रश्नच वेगळा. चालायला सुरुवात होते ते लुक्ला 2,860 मीटरवर, बेस कॅम्प 5,364 मीटरवर. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे तब्येतीवरून सांगता येत नाही. उलट धडधाकट माणूस भराभर चढतो आणि त्यामुळेच अडचणीत येतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम पाळायला पायांपेक्षा सबुरी लागते. दादाकडे ती नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

वहिनींच्या मनात स्पेनमधला कामिनो हा जुन्या तीर्थयात्रेचा मार्ग होता. पूर्ण फ्रेंच मार्ग जवळपास 780 किलोमीटर, महिन्याहून जास्त काळ. लोक त्याला सपाट समजतात, पण सेंट जां पिए द पोरपासून निघालात तर पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडताना 25 किलोमीटरमध्ये बाराशे मीटरच्या वर चढ लागतो. सारियापासूनचे शेवटचे 115 किलोमीटर सहा दिवसांत होतात आणि नवख्यांसाठी मी तोच सुचवतो. यांच्याकडे मात्र दोन आठवड्यांची रजा होती आणि दोघांनाही डोंगर हवे होते.

मी पुढे केला तो स्कॉटलंडचा वेस्ट हायलँड वे. 1980 मध्ये सुरू झालेला, त्या देशातला पहिला अधिकृत लांब पल्ल्याचा मार्ग. अंतर 154 किलोमीटर, म्हणजे मों ब्लांच्या फेरीपेक्षा फारसं कमी नाही, पण एकूण चढ निम्म्याहून कमी आणि सर्वांत उंच जागा जेमतेम 550 मीटर. मोठी सॅक गाडीने पुढच्या मुक्कामी पाठवता येते. सुरुवात होते त्या गावाचं नाव इंग्रजी अक्षरांवरून वाचलं तर 'मिल्नगाव्ही' आणि तिथली माणसं म्हणतात 'मलगाय', त्यामुळे तिकीट काढतानाच पहिली चढाई होते.

बरेच जण तो सात-आठ दिवसांत करतात. मी नऊ मांडले आणि त्यातला जास्तीचा वेळ मुद्दाम एका ठिकाणी घातला. पहिला दिवस 19 किलोमीटर, दुसरा 23, रोअर्डेननपर्यंत. तिथून इन्व्हरार्नन 22 किलोमीटर, एका दिवसात सहज होईल असं कागदावर दिसतं. पण लॉक लोमंड या तळ्याच्या काठाचा हा भाग मुळं आणि दगडांचा आहे, तिथे ताशी दोन-अडीच किलोमीटरसुद्धा जड जातात. आणि तो येतो नेमका तिसऱ्या दिवशी. म्हणून तो इन्व्हरस्नेडला तोडला: तिसऱ्या दिवशी 11, चौथ्या दिवशी 11. पुढे 19, 15, 16, 14 आणि शेवटी 25.

दादाला अकरा किलोमीटरचा दिवस अपमानासारखा वाटला. "सकाळी निघून दुपारी काय करायचं?" शेवटी वाद वहिनींनी मिटवला. "अहो, तुमच्या गुडघ्यांकडे बघत दहा दिवस चालायचं नाहीये मला. मला डोंगर बघायचेत." त्या रात्री मुक्काम धरले गेले. मे महिना निवडला, कारण उन्हाळा भरात आला की तिथे चावऱ्या बारीक माशांचे थवे उठतात.

आता माझ्या चुकीकडे येतो.

दोन्ही परीक्षा कोरड्या दिवशी झाल्या होत्या. दादाच्या मांड्यांवर मी इतका डोळा ठेवून होतो की वहिनींचं सगळं ठीकच आहे असं गृहीत धरलं. 1.2, 1.2, 1.2, मग बघायचं काय? त्यांचे बूट जुने, पायाला सरावलेले होते. ते भिजल्यावर कसे वागतात हे कोणीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. वाट कॉनिक हिलच्या खांद्यावरून जाते आणि बॅलमाहाच्या बाजूला खडी उतरते. दादाने तो उतार काठ्या टेकत, तिरका न होता घेतला. त्या संध्याकाळी त्याने मला कळवलं ते अभिमानाने. खाली एक ओळ वहिनींची होती: टाचेला फोड आलाय, लहान आहे.

ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते, बूट तिला एका जागी चिकटवून धरतो आणि आतलं हाड दर पावलाला पुढे-मागे सरकतं. कातडीचे थर त्यात एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. त्याआधी तासभर तरी ती जागा गरम लागते. तेव्हाच थांबून बूट काढायचा, पाय पुसायचा, चिकटपट्टी लावायची आणि कोरडे मोजे घालायचे, की बहुतेक वेळा तिथेच निभावतं. वहिनी थांबल्या नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "ते एवढे छान चालत होते, मी कशाला अडवू?" म्हणजे परीक्षेतल्या ज्या अटीचा मी एवढा टेंभा मिरवला होता, ती प्रत्यक्ष ट्रेकमध्ये लागू नव्हती आणि थकलेलं माणूस पुन्हा गप्प बसलं. फक्त माणूस बदललं होतं.

रोअर्डेननची तिसरी सकाळ, ज्या सकाळसाठी मी एवढा खटाटोप केला होता. दादा ताठ उभा, वहिनी लंगडत. समोर 22 किलोमीटर असते तर त्या दिवशी गाडी शोधावी लागली असती. समोर 11 होते. फोडावर मऊ गोल पट्टी, मधोमध भोक पाडलेली, म्हणजे दाब फोडावर न येता भोवती पडतो. बुटाची दोरी घोट्याशी घट्ट बांधली, की टाच आत वर-खाली होत नाही. दर तासाला मोजे बदलले. सकाळी निघून दुपारी काय करायचं, याचं उत्तर आयतंच मिळालं. इन्व्हरस्नेडला दुपारभर त्यांनी पाय उघडे टाकून तळ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशीचे 11 किलोमीटर, मुळं आणि दगडांचे, त्यांना सहा तास पुरले. घाई कोणालाच नव्हती.

टाकलेला जास्तीचा दिवस भलत्याच कारणाने कामी आला. हिशेब माझा होता, पण श्रेय घ्यायला जागा नाही. दादाच्या गुडघ्यांसाठी ठेवलेली गादी वहिनींच्या टाचेखाली गेली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही, आणि चांगल्या ट्रेकचं असंच असावं. फोड पाचव्या दिवसापर्यंत सुकत आला. आठव्या दिवशी डेव्हिल्स स्टेअरकेस. नावाला भयंकर, प्रत्यक्षात जुन्या लष्करी रस्त्याची नागमोडी वाट, अडीचशे-एक मीटर चढाची. टेकडी चारदा चढलेल्यांना त्यात विशेष नव्हतं. खरा प्रश्न पलीकडचा: माथ्यापासून किनलॉकलेव्हनपर्यंत जवळपास समुद्रसपाटीला आणणारा लांबलचक, टणक उतार. दादाने तिथे जो निरोप पाठवला तो मी जपून ठेवला आहे: 'उतरलो. सरळ.'

शेवटचा दिवस 25 किलोमीटरचा. मी तो तसाच ठेवला होता. शेवटी लांब टप्पा चालतो, कारण उद्या उठायचं नसतं. फोर्ट विल्यमला मार्ग जिथे संपतो तिथे एका बाकावर दुखरे पाय चोळत बसलेल्या माणसाचा कांस्य पुतळा आहे. दादाने पाठवलेल्या फोटोत वहिनी त्या माणसाच्या शेजारी बसल्या आहेत, डावा बूट काढून मांडीवर घेतलेला. दादा फोटोत नाही, तो समोर उभा राहून काढतोय. त्याखाली त्याने विचारलं होतं, मों ब्लांसाठी तिचे बूट अर्धा नंबर मोठे घ्यावेत की नको?